कूस बदलली की छत फिरतं: चक्कर आणि तोल याविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या सदरासाठी चक्कर हा विषय दिला आणि पत्रांचा ढीग लागला. जवळजवळ प्रत्येकाने चालू असलेल्या गोळ्यांची नावं व्यवस्थित लिहिली आहेत. चक्कर किती वेळ टिकते आणि काय केल्यावर येते, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलंय. निदान या दोनच गोष्टींवर ठरतं. ज्या पत्रांत त्या होत्या ती पत्रं उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रावरून तपासणी होत नाही, त्यामुळे इथली उत्तरं डॉक्टरांकडे काय विचारायचं हे कळावं यासाठी आहेत.

पहाटे उजव्या कुशीवर वळले की छत गरगर फिरतं, मळमळतं, आणि अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं. दोरीवर कपडे वाळत घालताना वर पाहिलं तरी तेच. मानेचा एक्स-रे काढला, त्यात स्पॉन्डिलोसिस निघाला. चार महिने मानेला पट्टा आणि दिवसातून तीनदा बीटाहिस्टिन ही चक्करची गोळी चालू आहे. काहीही फरक नाही. मान इतकी खराब झाली आहे का?
(गृहिणी, वय ५४, सांगली)

तुम्ही लिहिलंय त्यावरून संशय मानेवर जात नाही, कानावर जातो. पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. त्यामुळे एक्स-रेमध्ये काहीतरी सापडलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. एक साधी गोष्ट पडताळून पाहा. कुशीवर वळताना डोकं आणि धड एकत्रच वळतं, मानेला पीळ बसत नाही. तरीही छत फिरतं. म्हणजे त्रास डोक्याच्या स्थितीशी जोडलेला आहे.

आतल्या कानात, कवटीच्या अतिशय टणक हाडात, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. तिन्ही एकमेकींशी साधारण काटकोनात, आणि तिन्हींत द्रव. गवंड्याच्या पाणसळीसारखी ही रचना तीन दिशांची नोंद ठेवते. डोकं वळलं की नळी वळते, आतला द्रव क्षणभर मागे राहतो, त्याने नळीच्या तोंडाशी असलेला मऊ पडदा वाकतो आणि ‘डोकं या बाजूला वळतंय’ असा निरोप मेंदूला जातो. या नळ्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसलेले असतात. त्यांच्या वजनामुळे मेंदूला वर-खाली आणि मागे-पुढे कळतं.

वय वाढलं, डोक्याला मार लागला किंवा आजारपणात फार दिवस अंथरुणावर राहावं लागलं की यातले काही खडे सुटतात आणि नळीत शिरतात. उभ्या माणसात मागची नळी सगळ्यात खाली असते, म्हणून दहापैकी आठ-नऊ जणांत खडे तिथेच जातात. मग तुम्ही आडव्या झालात किंवा वर पाहिलंत की खडे नळीत घसरतात, सोबत द्रव ओढतात. तो कान सांगतो ‘गरगर फिरतोय’, दुसरा कान आणि डोळे सांगतात ‘सगळं स्थिर आहे’. या विसंगतीतून चक्कर आणि मळमळ होते. खडे घसरायला दोन-चार सेकंद लागतात, म्हणून चक्कर किंचित उशिरा सुरू होते. ते तळाशी बसले की थांबते, म्हणून ती एका मिनिटापेक्षा क्वचितच जास्त टिकते. तुमचं ‘अर्ध्या मिनिटात थांबतं’ हे वाक्य एक्स-रेपेक्षा मोलाचं आहे.

हे खडे बीटाहिस्टिनने विरघळत नाहीत आणि पट्ट्याने जागेवर जात नाहीत. ते हलवून बाहेर काढावे लागतात. अमेरिकेतले कानाचे सर्जन जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. पाच-सात मिनिटांचं काम आहे, औषध लागत नाही, आणि बहुतेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो.

आधी कोणता कान ते ठरवावं लागतं. डॉक्टर तुम्हाला बसवतात, डोकं एका बाजूला ४५ अंश वळवतात आणि पटकन मागे झोपवून डोकं पलंगाच्या पातळीखाली थोडं लोंबू देतात. या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. खाली असलेला कान दोषी असेल तर काही सेकंदांत चक्कर येते आणि बुबुळं ठरावीक पद्धतीने झटके देत फिरताना दिसतात. निदान ते डोळे पाहूनच पक्कं होतं. म्हणून पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा तोल सांभाळण्याच्या व्यायामांचं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. तुमचे डोळे तपासल्याशिवाय गोळी लिहिली जात असेल तर ‘झोपवून तपासणी करता का?’ असं स्पष्ट विचारा.

कान कळल्यावर पुढच्या वेळी घरी करता येतं, फक्त दुसरं माणूस जवळ हवं. उजवा कान धरून क्रम सांगतो. पलंगावर पाय लांब करून बसा. मागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल, डोक्याखाली नको. मान उजवीकडे ४५ अंश वळवा, म्हणजे नाक समोर आणि खांदा यांच्या बरोबर मध्ये येईल. मान तशीच ठेवून पटकन मागे आडव्या व्हा. डोकं उशीपलीकडे थोडं मागे झुकलेलं असावं. आता चक्कर येईल. डोळे उघडे ठेवा आणि हलू नका. चक्कर थांबल्यावर आणखी अर्धा मिनिट तसंच थांबा. मग डोकं अजिबात न उचलता डावीकडे ९० अंश फिरवा आणि पुन्हा मिनिटभर थांबा. त्यानंतर संपूर्ण अंग डाव्या कुशीवर घ्या आणि डोकंही त्याच दिशेने आणखी ९० अंश न्या, इतकं की नाक तिरकं जमिनीकडे होईल. इथे पुन्हा मिनिटभर. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून, पाय पलंगाखाली सोडत डाव्या बाजूनेच उठून बसा. उठल्यावर क्षणभर झोक जाऊ शकतो, म्हणून सोबतच्या माणसाने खांदा धरावा. पाच-दहा मिनिटं बसून राहा. डावा कान असेल तर सगळं उलट बाजूने.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. पहिल्या स्थितीत चक्कर सुरू झाली की माणूस घाबरून उठून बसतो आणि खडे होते तिथेच परत येतात. काही जण उशी डोक्याखाली घेतात, त्यामुळे डोकं मागे झुकतच नाही. काही जण प्रत्येक स्थितीत दहा सेकंद मोजून पुढे जातात. खडे तेवढ्यात पुढे सरकत नाहीत. सगळ्यात जास्त चूक होते ती कान ठरवण्यात. पोट भरलेलं असताना करू नका, उलटी होण्याची शक्यता असते. मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, संधिवाताने मानेचे सांधे सैल झाले असतील, मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल किंवा डोळ्याचा पडदा नुकताच सरकला असेल तर घरी मुळीच करू नका.

पट्टा इतके महिने लावल्याने मानेचे स्नायू उलट दुबळे आणि आखडलेले होतात. तो सोडण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

एप्ली केली. डॉक्टरांनी दोन रात्री बसून झोपायला सांगितलं, तेही केलं. तीन महिन्यांनी पुन्हा सुरू झालं. आता एका कुशीवर नाही, दोन्ही कुशींवर येतं.
(बँक कर्मचारी, ठाणे)

बसून झोपण्याची सूचना जुनी आहे. त्यानंतरच्या अभ्यासांत तिचा फारसा फायदा दिसला नाही, म्हणून आता ती सहसा देत नाहीत. त्रास पुन्हा होणं मात्र नेहमीचं आहे. पुन्हा तीच कृती करायची. दोन्ही कुशींवर सारखं येत असेल तर खडे यावेळी आडव्या नळीत गेले असण्याची शक्यता आहे. तिथे एप्लीचा उपयोग होत नाही. झोपलेल्या स्थितीत टप्प्याटप्प्याने पूर्ण वळसा घेण्याची वेगळी कृती करावी लागते, म्हणून घरी प्रयोग करत न बसता पुन्हा तपासून घ्या. त्याच वेळी ड जीवनसत्त्वाची पातळी बघा. दक्षिण कोरियातल्या रुग्णांवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यांची पातळी कमी होती त्यांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिल्यावर त्रास परतण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. दिवसभर एसी कार्यालयात बसणाऱ्यांत ही कमतरता आपल्याकडे भरपूर आहे.

वडील ७२ वर्षांचे. रात्री लघवीला उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. मागच्या महिन्यात न्हाणीघराच्या दारात पडले, सुदैवाने हाड मोडलं नाही. बीपीच्या दोन गोळ्या आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे. दवाखान्यात बीपी १३०/८० भरतं. मग अंधारी का?
(नाशिक)

दवाखान्यात बीपी बसून मोजतात. वडिलांचा प्रश्न उभं राहिल्यावरचा आहे.

माणूस झोपेतून उठून उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेच्या मोठ्या रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंचे शेवट आहेत. त्यांनी इशारा दिला की नाडी वाढते, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि काही सेकंदांत दाब सावरतो. उतारवयात हा इशारा मंदावतो. मधुमेहाने नसा अधू झाल्या असतील तर आणखी मंदावतो. टॅमसुलोसिनसारखी औषधं प्रोस्टेटचे स्नायू सैल करताना रक्तवाहिन्याही थोड्या सैल करतात. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर अंगातलं पाणीही कमी होतं. रात्री लघवी करताना दाब आणखी खाली येतो. हे सगळं पहाटे तीनला एकत्र जमून येतं.

घरी मोजून बघा. वडिलांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करा, कोणीतरी शेजारी धरायला असू द्या, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला तर निदान झालं. सकाळी उठल्या उठल्या मोजलेले आकडे सगळ्यात खरं सांगतात. सलग चार-पाच दिवसांचे आकडे, गोळ्यांच्या वेळांसह, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी बदलायची, कमी करायची की वेळ हलवायची हे ते त्यावरून ठरवू शकतील. स्वतःहून बीपीची गोळी बंद करू नका. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका त्यात खरा आहे.

तोपर्यंत काही गोष्टी आजपासून करता येतील. रात्री लघवीचं भांडं पलंगाजवळ ठेवा आणि बसूनच करायला सांगा. वडिलांना यात कमीपणा वाटेल, तरी समजावा. खुब्याचं हाड मोडल्यावर जे भोगावं लागतं त्यापुढे हे काहीच नाही. उठण्याआधी पडल्या पडल्या पावलं वीस वेळा वर-खाली करावीत, मग कडेला बसून मिनिटभर थांबावं, मग आधार धरून उभं राहावं. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं. सकाळी उठण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यायलं तर अनेक ज्येष्ठांत दाब काही मिनिटांत वर येतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर मात्र हे करू नका. पलंगाचं डोक्याकडचं टोक विटा घालून चार-सहा इंच उचला, उशा वाढवून ते साधत नाही. कडकडीत पाण्याची आंघोळ, भरपेट जेवण आणि देशी पद्धतीच्या शौचालयात बसून झटकन उठणं, या तिन्ही वेळी दाब घसरतो. तिथे भिंतीला दांडी बसवून घ्या.

एक गोष्ट नीट विचारा: गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, आणि शौच डांबरासारखं काळं होतंय का? तसं असेल तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो आणि अंधारीचं कारण तेच असेल. त्यात थांबायला वेळ नाही.

मुलगी सात वर्षांची. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट लागला की उलट्या सुरू. निघताना ऑन्डान्सेट्रॉनचं सिरप देतो, तरी होतातच. उपाशीपोटी नेलं तरी तेच.
(चिपळूण)

ऑन्डान्सेट्रॉन पोटाच्या संसर्गातल्या किंवा केमोथेरपीच्या उलटीवर उत्तम आहे, गाडी लागण्यावर चालत नाही. इथे उलटीची सुरुवात आतड्यातून होत नाही, कानातून होते. वळणांवर आतला कान ‘आपण फिरतोय’ म्हणतो, आणि पुढच्या सीटच्या पाठीकडे किंवा मोबाइलकडे लागलेले डोळे ‘आपण स्थिर आहोत’ म्हणतात. दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात ती सर्वांत जास्त लागते, आणि बहुतेकांत मोठेपणी कमी होते. ड्रायव्हरला ती क्वचितच लागते, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसतं.

हाच फायदा मुलीला मिळवून द्या. एसटीत शक्यतो पुढच्या भागात, निदान मागच्या चाकांच्या बरीच पुढची जागा घ्या. मागच्या चाकामागच्या बाकांवर हेलकावा सगळ्यात मोठा बसतो. मोटारीत बसत असाल तर बूस्टर सीटवर इतकं उंच बसवा की समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. नजर लांबच्या वळणावर ठेवायला सांगा. घाट संपेपर्यंत मोबाइल आणि पुस्तक बंद. डोकं सीटला टेकवून स्थिर ठेवलं तर त्रास आणखी कमी होतो. खिडकी थोडी उघडी ठेवा, गाडीत सुवासिक फवारा मारू नका. उपाशी नेण्याने काही साधत नाही. निघण्याआधी तासभर भाकरी, खिचडी किंवा बिस्किटं असं हलकं, तेलकट नसलेलं खायला द्या.

औषध द्यायचंच तर डायमेनहायड्रिनेट किंवा प्रोमेथाझिन या गटातलं, मुलीच्या वजनानुसार बालरोगतज्ज्ञांनी ठरवलेल्या मात्रेत. घराघरात असणारी अ‍ॅव्होमिन ही प्रोमेथाझिनच आहे. पाटणला पोचल्यावर, उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही. ती निघण्याच्या किमान अर्धा ते एक तास आधी पोटात जायला हवी. गुंगी येते, क्वचित मूल उलट चिडचिडं होतं. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन कधीही देऊ नये, श्वास मंदावण्याचा धोका असतो.

रक्त द्यायला बसलो की चक्कर येऊन पडतो. गेल्या वेळी पडल्यावर हातपाय दोन-तीन वेळा झटकले म्हणतात. आई म्हणते फिट आहे. वय १९.
(लातूर)

रक्त पाहिल्यावर, सुई टोचल्यावर किंवा उन्हात प्रार्थनेला उभं असताना पडणारी तरुण मुलं बहुतेक वेळा वेगस नसेच्या प्रतिक्रियेमुळे पडतात. काही क्षण नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, मेंदूला रक्त अपुरं पडतं. आधी जांभई, घाम, कानात गुंजन आणि दृष्टी अंधुक होते. मेंदूला रक्त कमी पडल्यावर काही सेकंद हातपाय झटकू शकतात, ती अपस्माराची फिट नसते. अपस्मारात झटके साधारण मिनिट-दोन मिनिटं चालतात, जीभ कडेला चावली जाते आणि शुद्धीवर आल्यानंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. तुझ्या बाबतीत शुद्ध पटकन येते का, लगेच नीट बोलता येतं का, हे पाहणाऱ्यांना विचार आणि ते डॉक्टरांना सांग.

पुढच्या वेळी रक्त आडवं होऊन दे. त्याआधी दोन पेले पाणी पी, उपाशी जाऊ नको. चक्करची चाहूल लागली तर पाय एकमेकांवर आडवे घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळ, मुठी दाबून धर. दाब वर येतो आणि बऱ्याचदा पडणं टळतं.

भोवतालच्यांनी काय करावं, हे इथेच सांगतो, कारण आपल्याकडे नेमकं उलटं घडतं. पडणाऱ्याला चार जण धरून उभं करतात किंवा खुर्चीत बसवतात. त्याने मेंदूला रक्त आणखी कमी मिळतं. त्याला सपाट झोपवा आणि पाय फूटभर उचला. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही. मिनिटभरात शुद्ध येते. त्यानंतर दहा मिनिटं तरी उठवू नका.

पळताना किंवा खेळताना शुद्ध गेली, पडण्याआधी छातीत धडधडलं, झोपलेल्या स्थितीत शुद्ध गेली, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक दगावलेलं असेल, तर ही साधी गोष्ट समजू नका. ईसीजी आणि हृदयाची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.

मधुमेह आणि बीपी दोन्ही आहेत. कोणत्या चक्करला घरी थांबायचं आणि कोणत्या चक्करला दवाखाना गाठायचा?
(निवृत्त शिक्षक, वय ६१, सोलापूर)

अचानक सुरू झालेली, विश्रांती घेऊनही तासन् तास न थांबणारी चक्कर, आणि सोबत यातलं एक जरी लक्षण असेल तर थेट रुग्णालय: आधाराशिवाय उभं राहता किंवा बसता न येणं, एकाची दोन माणसं दिसणं, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, गिळताना ठसका, तोंड वाकडं होणं, अंगाचा एक भाग बधिर किंवा निर्जीव वाटणं, डोक्याच्या मागच्या बाजूला पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी. लहान मेंदूतल्या पक्षाघाताला हातपाय लुळे पडलेच पाहिजेत असं नाही. कधी कधी फक्त चक्कर आणि चालता न येणं एवढंच दिसतं, आणि ‘पित्त झालंय’ म्हणून रात्र काढली जाते.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं, किंवा माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून न्या. १०८ ला फोन करा, आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय कुठे आहे हे आजच, तब्येत ठीक असताना, विचारून ठेवा. वाटेत खायला-प्यायला देऊ नका. अ‍ॅस्पिरिनही स्वतःहून देऊ नका, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. पहिल्या काही तासांत लहान मेंदूची गुठळी सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही, असं बऱ्याचदा होतं. ‘सीटी नॉर्मल आहे’ म्हणून चालता न येणारा माणूस घरी आणू नका, एमआरआयबद्दल विचारा.

मधुमेहात आणखी एक शक्यता असते. घाम, थरथर, भूक आणि चक्कर एकत्र आली तर आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. तुमच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोस किंवा अ‍ॅकारबोस लिहिलेलं असेल तर साखर चालणार नाही. ही औषधं साखरेचं पचन रोखतात, म्हणून घरात ग्लुकोज पावडरच ठेवा. साखर वर आल्यावर जेवून घ्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम तासन् तास राहतो आणि साखर पुन्हा घसरते. एकादशीच्या उपवासाला ही गोळी नेहमीच्या मात्रेत घ्यायची की नाही, ते आदल्या भेटीतच विचारून ठेवा.

आई ७८ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी चक्कर आली होती तेव्हापासून सिनारिझिन चालू आहे, मधूनमधून प्रोक्लोरपेराझिनही. आता चालणं मंदावलंय, हात थरथरतात, चेहऱ्यावर हसू दिसत नाही. कंपवात सुरू झाला का?
(कोल्हापूर)

या दोन्ही औषधांनी हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं येतात, आणि वयस्कर बायकांमध्ये अधिक. मेंदूतल्या ज्या डोपामिन या रसायनावर हालचाली चालतात, त्याच्या कामात ही औषधं अडथळा आणतात. कंपवाताची नवी गोळी सुरू करण्याआधी जुन्या गोळ्यांची यादी घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा आणि त्यांच्या सल्ल्याने या बंद करा. बंद केल्यावर सुधारणा दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, लगेच निराश होऊ नका.

चक्कर दाबणारी औषधं तीव्र उलट्या-गरगरीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतीच असतात. एक कान बिघडला तरी मेंदू दुसऱ्या कानावरून, डोळ्यांवरून आणि तळपायांच्या संवेदनेवरून तोल पुन्हा बसवतो, फक्त त्याला हालचालीचा सराव लागतो. गोळ्या नेमका हाच सराव मंद करतात. शिवाय पुन्हा चक्कर येईल या भीतीने म्हातारी माणसं डोकं ताठ धरून बसून राहतात. मग गोळ्या कितीही घेतल्या तरी तोल सुधारत नाही.

आईंना एक व्यायाम सुरू करून द्या. खुर्चीत टेकून बसवा. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, कागदावर लिहिलेलं एक अक्षर चिकटवा. नजर त्या अक्षरावर खिळवून डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवायचं, अक्षर स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने. सुरुवातीला अर्धा मिनिट, मग वर-खाली अर्धा मिनिट, दिवसातून तीन वेळा. थोडं गरगरणं अपेक्षित आहे. ते पाच-दहा मिनिटांत शमायला हवं. तासभर टिकत असेल तर वेग कमी करा. आठवडाभर जमलं की हेच स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभ्याने करायचं, मागे खुर्ची ठेवून, आणि घरात कोणीतरी असतानाच.